डोंगरमाथ्यावरील गाव आणि लिनक्सचा संगणक

(आहुपे, तालुका आंबेगाव, जिल्हा पुणे येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



येथील कड्यावर उभे राहिले म्हणजे खाली मुरबाड तालुक्याचा मुलूख आणि गोरखगड-मच्छिंद्रगडाचे सुळके हाताशी असल्यासारखे दिसतात. परंतु दिसणे निराळे आणि पोहोचणे निराळे, हे आहुपे घाटाने डोक्यावर ओझे घेऊन चढउतार केलेल्या मंडळींना मी सांगावे असे नाही. इंटरनेटच्या बाबतीतही नेमके हेच घडते. एखाद्या ग्रामपंचायतीच्या कार्यालयात जोडणी आली, पेटीवरचा हिरवा दिवा लागला, की ते गाव जोडले गेल्याची नोंद कागदावर होते. त्या दिव्यापासून शाळेचा वर्ग, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र आणि दूरच्या वाड्या यांचे अंतर मात्र होते तेवढेच राहते. हे अंतर गावाने स्वतः, थोड्या खर्चात आणि आपल्या देखरेखीखाली कसे तोडावे, हा आजचा विषय आहे. त्यासाठी जे साधन मी सुचविणार आहे ते म्हणजे लिनक्सवर चालणारा एक साधा संगणक.

ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतूंचे जाळे नेण्याच्या राष्ट्रीय योजनेस केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली. २०१५ पासून ती ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाते, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमास मान्यता देण्यात आली. काम प्रचंड आहे. तथापि तार पंचायतीच्या दारापर्यंत आणणे हा त्याचा एक भाग झाला. दारातून आत, आणि आतून घरोघर, हा दुसरा. सह्याद्रीच्या या पट्ट्यात एका ग्रामपंचायतीच्या वाड्या ओढ्यांनी आणि सोंडांनी एकमेकींपासून तोडलेल्या असतात. येथे तो दुसरा भागच अवघड आहे, आणि तो गावाशिवाय कोणी करू शकेल असे मला वाटत नाही.

आता लिनक्स म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. संगणकाच्या यंत्राला कामाला लावणारी एक मूळ प्रणाली असते. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये अशा प्रणालीचा गाभा लिहिला आणि तो सर्वांना खुला केला. पुढे जगभरच्या हजारो जाणकारांनी त्यात भर घातली. ती वापरावी, उघडून पाहावी, बदलावी, दुसऱ्यास द्यावी, अशी मुभा तिच्या परवान्यातच आहे. परवाना शुल्क नाही. आपल्या खिशातील ॲन्ड्रॉइड दूरध्वनीच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे आणि बाजारात मिळणाऱ्या असंख्य वाय-फाय राउटरांतही आहे. जगातील संकेतस्थळांचा मोठा हिस्सा लिनक्सच्या संगणकांवरून चालतो. आपल्या पुण्यातील प्रगत संगणन विकास केंद्राचे, म्हणजे सी-डॅकचे, नाव आपण ऐकले असेल. त्या संस्थेने २००७ मध्ये ‘बॉस’ नावाची भारतीय भाषांची लिनक्स प्रणाली प्रसिद्ध केली, तीत मराठीही आहे. केरळ राज्याने तर आपल्या शासकीय शाळांतील संगणकशिक्षण मुक्त प्रणालीवरच उभे केले आणि ते चालविण्यासाठी शिक्षकांनाच तयार केले. या शेवटच्या गोष्टीकडे शिक्षक मित्रांनी विशेष लक्ष द्यावे.

शेजारची उदाहरणे

हे सारे परदेशातले आणि शहरातले, आपल्या डोंगरात त्याचे काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्यास उत्तर शेजारच्या जुन्नर तालुक्यातच आहे. खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. आकाशातून आलेले क्षीण संकेत काचतंतूंवरून मध्यवर्ती इमारतीत येतात आणि तेथे त्यांची सांगड घातली जाते. या कामासाठी तेथील शास्त्रज्ञांनी २०१० च्या सुमारास बाजारात मिळणारे साधे संगणक एकत्र जोडून लिनक्सवर चालणारा संच उभा केला. जे काम खास घडविलेल्या यंत्रांनीच व्हावे असा समज होता, ते दुकानात मिळणाऱ्या संगणकांनी आणि मुक्त प्रणालीने साधले. (जाता जाता सांगावेसे वाटते की, आपल्या दृष्टीने जे प्रक्षेपण तोच त्या दुर्बिणीच्या दृष्टीने गोंगाट होय. म्हणून त्या परिसरात बिनतारी मनोरा उभारण्याचा विचार करणाऱ्यांनी आधी त्या केंद्राशी समन्वय साधावा.)

दुसरे उदाहरण पालघर जिल्ह्यातील आहे. मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेने ‘ग्राममार्ग’ या प्रकल्पात दूरचित्रवाणीसाठी राखून ठेवलेल्या, परंतु त्या भागात वापरात नसलेल्या लहरींवरून खेड्यांना इंटरनेट देण्याचा प्रयोग केला. खामलोली व आसपासची सात गावे आरंभी त्यात होती. या लहरी झाडीतून आणि उंचसखल भूभागातून वाय-फायच्या लहरींपेक्षा बऱ्या जातात, हे त्यामागील कारण. पुढे ही व्याप्ती २५ गावांपर्यंत गेली आणि २०१७ मध्ये मोझिला संस्थेच्या स्पर्धेत या प्रकल्पास पहिले पारितोषिक मिळाले. मला त्यातील तांत्रिक भागाहून अधिक महत्त्वाची वाटते ती त्यांनी मांडलेली भागीदारीची कल्पना. शासन, खाजगी सेवा देणारा आणि पंचायत असे तीन भागीदार. त्यांत पंचायत स्वतःचा पैसा घालते आणि म्हणून हिशेबही मागते.

तिसरे उदाहरण याच भीमाशंकरच्या डोंगरांपलीकडले, कर्जत तालुक्यातील खैराट गावचे आहे. तेथील लहानशा शाळेत २००७ मध्ये ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या जागतिक उपक्रमातील संगणक मुलांना देण्यात आले. त्या यंत्रांत लिनक्स होते, आणि त्यांची रचना अशी की, बाहेरचे इंटरनेट नसले तरी जवळजवळची यंत्रे आपसांत बोलू शकत. जाळे आणि इंटरनेट या दोन वेगळ्या वस्तू आहेत. बाहेरचा दुवा तुटला तरी गावातले जाळे चालू राहू शकते. माझे पुढचे सारे म्हणणे याच एका गोष्टीवर उभे आहे.

एक जोडणी, अनेक वापरणारे

पंचायतीत आलेली एक जोडणी वीस जणांना कशी पुरते, ते पाहू. आश्रमशाळेतील मुलांची पत्रे डोळ्यांपुढे आणा. मुले घरी पत्रे लिहितात, पण पाठविणाऱ्याचा पत्ता सर्वांचा एकच, शाळेचा. अधीक्षक वहीत टिपून ठेवतात की, अमक्याने अमक्या गावी पत्र धाडले. उत्तर शाळेच्या पत्त्यावर येते, अधीक्षक वही पाहतात आणि ते नेमक्या मुलाच्या हाती देतात. लिनक्सचा संगणक जोडणी आणि गाव यांच्यामध्ये बसून हेच करतो. गावातील यंत्रांना तो आपल्या घरचे पत्ते देतो, बाहेर सर्वांच्या वतीने एकच पत्ता दाखवितो आणि वही सांभाळतो. वहीत नोंद नसलेले, कोणीच न मागविलेले टपाल दारातून आले तर ते तो आत सोडत नाही. त्यामुळे गावाला एक कुंपणही मिळते.

वाटपातला न्याय हे त्याचे दुसरे काम. रास्त भाव दुकानाच्या रांगेत एकाने दहा पोती मोजून घ्यावयास आरंभ केला तर पावशेर साखरेसाठी आलेली म्हातारी दिवसभर ताटकळते. एक जण चित्रपट उतरवून घेत बसला की, ऑनलाइन नोंदणीसाठी खटपट करणाऱ्या आशाताईंची तीच गत होते. लिनक्समध्ये २०१२ पासून रांग लावण्याची एक उत्तम रीत अंतर्भूत आहे. ती प्रत्येकाला पाळीपाळीने थोडे थोडे देते आणि लहान कामे पुढे काढते. जोडणी मंद असलेल्या गावी या एका सोयीने जो फरक पडतो, तो जोडणीचा वेग दुप्पट करूनही अनेकदा पडत नाही.

या कामासाठी महागडे यंत्र लागत नाही. जुना, कार्यालयातून बाद झालेला संगणकही चालतो. २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये निघालेला ‘रास्पबेरी पाय’ नावाचा तळहाताएवढा संगणकही चालतो. मात्र विजेचा हिशेब आधी करावा. लहान संगणक व राउटर मिळून साधारण १० वॅट धरले तर चोवीस तासांस २४० वॅट-तास लागतात. १२ व्होल्ट, १०० ॲम्पिअर-तासांची बॅटरी निम्मीच वापरावयाची असा नियम पाळला तर तिच्यातून ६०० वॅट-तास मिळतात. म्हणजे अडीच दिवसांची बेगमी झाली. जुना टेबलावरचा संगणक ६० वॅट खाणारा असेल तर तीच बॅटरी दहा तासांत हात टेकते. फुकट मिळालेले यंत्र असे महागात पडते.

सौरपाटीचा मोह येथे जरा आवरावा लागेल. आषाढ-श्रावणात या माथ्यावर दिवसच्या दिवस धुके उतरलेले असते, आणि नेमकी तेव्हाच वीज जाते. म्हणून पावसाळ्यात संगणक ठरावीक वेळीच चालू ठेवावा, बाकी वेळ रीतसर बंद करावा. एकाएकी वीज गेली की, साठवणीची चकती किंवा कार्ड खराब होते. अशा यंत्रांच्या मृत्यूचे हे फार मोठे कारण आहे. भूमिसंपर्क तार चोख असावी. तांब्याच्या तारेतून विजेचा लोळ आत शिरतो, काचेच्या तंतूतून शिरत नाही. तेव्हा दोन इमारतींच्या मध्ये शक्य तो काचतंतू किंवा बिनतारी दुवा ठेवावा. आणि यंत्राची पेटी भिंतीला ओल येणार नाही अशा जागी, उंदरांच्या वाटेपासून दूर टांगावी.

गावात काय ठेवावे, जगाला काय दाखवावे

दुवा तुटण्याची गोष्ट आम्ही या तालुक्यात हलकेपणाने बोलू शकत नाही. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. ही वार्ता बाहेर गेली ती नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस. टी. चालकामुळे, त्याला गाव जागेवर दिसले नाही. संगणक असता तर माळीण वाचले असते, असे म्हणणे त्या मृतांचा अवमान ठरेल. परंतु पावसाच्या त्या दिवसांत एका वाडीने दुसऱ्या वाडीस ‘आमच्याकडे डोंगराला भेग दिसते आहे’ एवढे कळवावे, शाळेने उपकेंद्रास निरोप द्यावा, यासाठी घोडेगाव, पुणे किंवा मुंबईच्या वाटेने जाण्याची गरज असू नये. गावच्या संगणकावर निरोपांची एक साधी पाटी ठेवता येते; बाहेरचा दुवा तुटलेला असला तरी, बॅटरी शाबूत आहे तोवर ती गावाच्या जाळ्यात उघडते.

त्याच संगणकावर गावाचे ग्रंथालयही राहू शकते. मराठी विकिपीडियाची सुरुवात १ मे २००३ रोजी झाली. तो संपूर्ण ज्ञानकोश आज ‘किविक्स’ या मुक्त साधनाने एका लहान कार्डावर उतरवून इंटरनेटवाचून वाचता येतो. बालभारतीची पुस्तके, ग्रामसभेचे ठराव, घरकुल व रोजगार हमीच्या नियमांची पत्रके हीही तेथे ठेवावीत. मुलांच्या हाती बाहेरचे सारे जग एकदम देण्याबाबत ज्या पालकांना धास्ती वाटते, त्यांना हा मार्ग पटेल.

आता बाहेर दाखवावयाच्या संकेतस्थळाविषयी. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ चा आहे. त्याच्या चौथ्या कलमानुसार सार्वजनिक प्राधिकरणाने बरीचशी माहिती कोणी न मागता स्वतःहून प्रसिद्ध करावयाची असते, आणि ग्रामपंचायत हे असे प्राधिकरण आहे. देवनागरीत ‘.भारत’ हे नावाचे शेपूट ऑगस्ट २०१४ पासून उपलब्ध आहे. तेव्हा गावाच्या संकेतस्थळाचा पत्ताही मराठी अक्षरांत घेता येतो. मात्र ते संकेतस्थळ गावच्याच संगणकावरून जगाला दाखवावे काय? माझे उत्तर, बहुतेक गावांपुरते तरी, नाही असे आहे. आश्रमशाळेची वही आठवा: अनेक सेवा देणाऱ्या कंपन्या हीच युक्ती वरच्या पातळीवर करतात आणि शेकडो ग्राहकांना मिळून एकच जाहीर पत्ता देतात. मग बाहेरून कोणी गावचा संगणक शोधू म्हणेल तर त्याला दार सापडत नाही. स्थिर पत्ता विकत घेता येतो, पण रात्रंदिवस वीज आणि दुवा विकत घेता येत नाही. म्हणून पाने गावच्या संगणकावर तयार करावीत, तेथेच जपावीत आणि त्यांची एक प्रत बाहेरच्या भरवशाच्या सर्व्हरवर पाठवावी. दुवा असेल तेव्हा प्रत अद्ययावत होते. नसेल तेव्हा जगाला कालची पाने दिसतात आणि गावाला आजची.

दोन प्रती ठेवण्याचा आणखी एक लाभ आहे, आणि आहुप्यासारख्या गावी तो मला सर्वांत मोठा वाटतो. येथील देवराई आणि येथील हिरडा ही या डोंगराची श्रीमंती आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगाव लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. कोणती वनस्पती कोठे उगवते आणि कोणत्या दुखण्यावर वैदू ती कशी देतात, ही माहिती त्या वहीत येते. ती सरसकट संकेतस्थळावर चढविली तर पुढच्या हंगामात कोण कोण पिशव्या घेऊन दाराशी उभे राहील, हे सांगता येत नाही. हीच माहिती गावच्या संगणकावर, गावच्या मुलांसाठी, कुलूप लावून ठेवणे हे निराळे. काय उघडे करावे आणि काय आत ठेवावे याचा निर्णय ग्रामसभेने करावा; तो निर्णय संगणक दुरुस्त करणाऱ्याच्या हाती पडू देऊ नये.

उघडे करण्याजोगेही पुष्कळ आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात या पश्चिम पट्ट्यातील हिरड्याच्या झाडांची हानी झाली आणि भरपाईसाठी आदिवासी बांधवांना आंदोलने करावी लागली. कोणाच्या बांधावर किती झाडे उभी होती याची तारीखवार नोंद व छायाचित्रे गावापाशी आधीच असतील, तर पुढच्या पंचनाम्याच्या वेळी बोलणे सोपे जाईल. नावे, आधार क्रमांक, बँक खाती मात्र जाहीर पानावर कदापि येता कामा नयेत. आधार क्रमांक जाहीर करणे २०१६ च्या कायद्याने निषिद्धच आहे. लाभार्थ्यांच्या याद्या घाईघाईने चढविणाऱ्या कार्यालयांनी हे पाठ करून ठेवावे.

देखभाल कोणी करावी

पाणीपुरवठ्याचा पंप जळाला आणि तो उघडणारा माणूस तालुक्याच्या गावी राहत असला, म्हणजे काय होते, हे सदस्यांना ठाऊक आहे. संगणकाचेही तेच होईल. लिनक्सला परवान्याचा पैसा लागत नाही, पण माणूस लागतो. बारावी झालेला, गावात राहणारा एक मुलगा आणि एक मुलगी, असे दोघे निवडावेत. एकच निवडला तर तो पुण्यास नोकरीस जातो आणि सोबत परवलीचे शब्दही जातात. त्यांना मानधन द्यावे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने ‘पीएम-वाणी’ योजना मंजूर केली; तीनुसार किराणा दुकानदार किंवा बचतगटही परवान्यावाचून सार्वजनिक वाय-फाय केंद्र चालवू शकतो आणि वापरणाऱ्यांची ओळख पटविण्याचे काम ठरलेल्या ॲपमार्फत होते. मानधनाचा काही भाग त्यातून निघेल. सारा निघेल असे आश्वासन मी देणार नाही. पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना मिळणाऱ्या ५ टक्के अबंध निधीत हा खर्च बसतो काय, ते गटविकास अधिकाऱ्यांकडून लेखी विचारून घ्यावे.

परवलीचे शब्द, तारांचा नकाशा आणि केलेल्या प्रत्येक बदलाची तारीख एका कागदी वहीत, मराठीत लिहून ठेवावी. वही मोहोरबंद पाकिटात पंचायतीच्या कपाटात राहावी आणि सरपंच किंवा पंचायत अधिकारी बदलताना जसा दप्तराचा ताबा दिला जातो, तसा तिचाही ताबा यादीत नोंदवून द्यावा. दर तिमाहीस मुख्याध्यापकांनी एकदा बाहेरचा दुवा मुद्दाम सोडवून पाहावा, आणि शाळेच्या वर्गात काय उघडते व काय अडते, ते टिपावे.

पंचायत कार्यालय, शाळा आणि उपकेंद्र यांना जोडणाऱ्या दुव्याचा एक कच्चा नकाशा मागच्या फळ्यावर काढून ठेवला आहे. मध्ये झाडी कोठे आडवी येते ते आपणांसच अधिक ठाऊक. तेव्हा खडू हाती घेऊन आपण तो दुरुस्त करावा, आणि शंका असतील त्या तेथेच विचाराव्यात.